मुलांना पॉइंट २२ शिकवायची असेल तर आधी रायफल त्यांच्या मापाची करून घ्या

आमच्या दुकानात फिटिंगसाठी पॉइंट २२, म्हणजे ०.२२ इंची छोट्या गोळीची रायफल घेऊन येणारे बरेच पालक पहिलं वाक्य हेच बोलतात, की मुलगी दहा वर्षांची झाली, आता शिकवायचं आहे, तेवढी साईट (नेम धरायचं साधन) सेट करून द्या. साईट आम्ही करून देतोच, पण ते काम सगळ्यात शेवटचं. त्याआधी रायफल त्या मुलीच्या अंगाला बसते का ते बघावं लागतं, कारण मोठ्या माणसाची रायफल लहान पोराच्या हातात दिली की ते पोर काय करतं बघा: कंबरेतून मागे वाकतं, पोट पुढे काढतं, बट, म्हणजे रायफलीचा खांद्याला लागणारा मागचा भाग, खांद्याच्या खोबणीतून सरकून दंडावर येतं, मान ताणून कसाबसा डोळा साईटपर्यंत नेतं, आणि अशा अवस्थेत ट्रिगर ओढतं. मग नेम चुकला की आपण म्हणतो लक्ष नाही देत. लक्ष असतं हो, रायफल मोठी असते.

पहिलं माप म्हणजे लेंथ ऑफ पुल, ट्रिगरपासून बटच्या टोकापर्यंतचं अंतर. मोठ्यांच्या रायफलीत हे साधारण ३४ ते ३५ सेंटीमीटर असतं, दहा वर्षांच्या मुलाला बहुतेक वेळा २८ ते ३० पुरतं. घरी बघायचं असेल तर रायफल रिकामी आहे हे दोनदा तपासा, बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता भाग) काढूनच ठेवा, मुलाला कोपर काटकोनात वाकवायला सांगा, बट कोपराच्या आतल्या बाजूला टेकवा आणि तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर आरामात येतं का बघा. हा फक्त अंदाज. खरी परीक्षा म्हणजे मुलाने डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल स्टॉकवर (रायफलीच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या अंगावर) टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे, उघडल्या उघडल्या साईट समोर दिसली पाहिजे, मान हलवून शोधावी लागता कामा नये. आणि हे सगळं ज्या जॅकेटमध्ये मूल शूट करणार आहे त्याच जॅकेटमध्ये करा, जाड जॅकेटमुळे एखादा सेंटीमीटर सहज जातो.

स्टॉक लांब पडत असेल तर तो कापायचा का हे सगळे विचारतात. ओरिजिनल स्टॉक कापू नका असं आमचं स्पष्ट मत आहे, त्याच मॉडेलचा जुना नाहीतर साधा प्लास्टिकचा दुसरा स्टॉक मिळाला तर तो कापा, आणि कापलेला तुकडा फेकू नका, त्याच्या सेंटीमीटरभर जाडीच्या चकत्या करून आम्ही स्पेसर बनवून देतो. मूल वाढेल तशी एकेक चकती बटपॅडच्या (बटच्या टोकाला लावलेल्या गादीच्या) आत घालायची, फक्त स्क्रू तेवढे लांब लागतात, ते आम्ही सोबत देतो. बटपॅड रबराचा घ्या. पॉइंट २२ ला धक्का असा काही नसतोच, पण रबर खांद्यावरून घसरत नाही म्हणून.

वजनाचं म्हणाल तर याबाबतीत लोक दोन्हीकडे चुकतात. टार्गेट शूटिंगची पाच किलोची रायफल पोराला उभं राहून धरायला देणं अर्थातच चूक, पण अगदी सव्वा किलोची खेळण्यासारखी रायफलही नवशिक्याला सोपी नसते, ती हातात थरथरते आणि ट्रिगर ओढताना सगळीच हलते. दोन ते अडीच किलो, आणि त्यातलं वजन नळीच्या टोकाकडे नाही तर दोन हातांच्या मध्ये, हे आम्हाला सगळ्यात चांगलं वाटतं. जाड नळीची रायफल म्हणूनच लहान मुलांना नको. आमची साधी टेस्ट अशी, की रिकामी रायफल सुरक्षित दिशेला धरून खांद्याला लावायची आणि मनात सावकाश वीस आकडे मोजायचे, तेवढ्यात नळी खाली झुकायला लागली तर उभं राहून शूट करायची वेळ अजून आलेली नाही. पण म्हणून शिकवणं थांबवायचं नाही, वाळूच्या पिशवीवर नळीखालचा लाकडी भाग टेकवून बसून किंवा झोपून सुरू करा, तिथे वजन पिशवी उचलते. पिशवी नळीला टेकवू नका, गोळी वेगळीकडे जाते.

डोळा आणि साईट

मूल उजव्या हाताचं आहे म्हणून उजवा डोळा जोरदार असेलच असं नाही. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मध्ये छोटं भोक करा, त्यातून लांबची वस्तू दोन्ही डोळ्यांनी बघायला सांगा आणि मग हात हळूहळू तोंडाकडे आणायला सांगा, भोक ज्या डोळ्याशी येईल तो मुख्य डोळा. हात उजवा आणि डोळा डावा निघाला तर अगदी लहान मुलाला डाव्या खांद्यावरूनच शिकवा असं आम्ही सांगतो, सवय अजून लागलेली नसते त्यामुळे पटकन जमतं. ते नाहीच रुचलं तर डाव्या डोळ्यासमोर चष्म्यावर धूसर टेप लावा. डोळा मिटायला लावू नका, चेहरा आवळला जातो आणि डोळा लवकर थकतो.

साईट कोणती, तर सुरुवातीला पीप साईट, म्हणजे मागे बारीक भोक असलेली. उघड्या साईटमध्ये मागची खाच, पुढचं टोक आणि टार्गेट अशा तीन गोष्टी एका वेळी सांभाळाव्या लागतात आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करू शकतो. पीपमध्ये मागच्या भोकातून नुसतं बघायचं, डोळा आपोआप मध्यावर येतो, मुलाला फक्त पुढच्या रिंगमध्ये काळा गोल बसवायचा असतो. ही रिंग ऐसपैस घ्या, काळ्या गोलाभोवती पांढरी जागा नीट दिसली पाहिजे. घट्ट रिंग घेतली की मूल परफेक्ट क्षणाची वाट बघत बसतं, श्वास कोंडतं आणि शेवटी ट्रिगरला हिसका देतं.

स्कोप (नेम धरायची दुर्बीण) लावायचाच असेल तर ४ पट मोठं दाखवणारा पुरे. जास्त झूममध्ये स्वतःच्या हातांची थरथर एवढी मोठी दिसते की पोर घाबरतं. रिमफायरसाठी (पॉइंट २२ सारख्या, कडेवर पिन आदळून फुटणाऱ्या काडतुसांच्या रायफलीसाठी) बनवलेला स्कोप घ्या, त्याचा पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा थोडा सरकला तरी नेम सरकल्यासारखा दिसत नाही ते अंतर, ५० मीटरच्या आसपास सेट केलेलं असतं, मोठ्या रायफलीच्या स्कोपचा बहुतेक १०० च्या आसपास. माउंटची (स्कोप रायफलीला धरणाऱ्या कड्यांची) जागा तुमच्या डोळ्याने नाही, मुलाच्या डोळ्याने ठरवायची, गाल टेकवल्यावर पूर्ण गोल दिसला पाहिजे. स्कोप उंच बसल्यामुळे गाल स्टॉकवरून उचलला जात असेल तर स्टॉकवर फोमची पट्टी बांधून उंची वाढवा, फक्त बोल्ट मागे यायला अडथळा नको.

ट्रिगर

एक ते दीड किलोचा ट्रिगर नवशिक्याला ठीक. दोन किलोच्या रायफलीला तीन किलोचा ट्रिगर असेल तर मूल ट्रिगर नाही, अख्खी रायफल ओढतं. पण हलका करायचा म्हणून घरी कानस घेऊन आतले भाग घासू नका, हे अगदी कळकळीने सांगतोय, तिथली धार थोडी जरी बिघडली तरी रायफल नुसत्या धक्क्याने उडू शकते. आमच्याकडे ट्रिगर अॅडजस्ट केल्यावर रिकामी रायफल कॉक करून, म्हणजे काडतुसावर आदळणारी पिन ताणून ठेवून, बट रबरी चटईवर आपटून बघतो, बोल्ट जोरात बंद करून बघतो, एकदा जरी पिन सुटली तरी ती रायफल तशी बाहेर जात नाही.

रायफल एका वेळी एकच काडतूस घेणारी, बोल्ट अॅक्शन असावी. एक गोळी, मग बोल्ट उघडा, मग बोलणं, मग दुसरी. मॅगझिनवाली रायफल असेल तर बऱ्याच मॉडेलना सिंगल शॉट ट्रे मिळतो, तो बसवून देऊ. काही छोट्या रायफलींना बोल्ट बंद केल्यावर मागची मूठ वेगळी ओढून कॉक करावं लागतं, ती स्प्रिंग सात आठ वर्षांच्या बोटांना कडक जाते, घेण्याआधी मुलालाच ओढून बघू द्या. आणि रिकाम्या चेंबरवर (नळीत काडतूस बसतं ती जागा) ट्रिगर दाबून प्रॅक्टिस करायची असेल तर पॉइंट २२ मध्ये स्नॅप कॅप (बिनदारूचं नकली काडतूस) घाला, अनेक रायफलींत पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळते आणि कड दबते.

झिरो करताना, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी पडेल अशी साईट जुळवताना

काडतूस स्टँडर्ड वेलॉसिटीचं घ्या, ४० ग्रेनची गोळी, म्हणजे २.६ ग्रॅम, वेग आवाजाच्या वेगापेक्षा थोडा कमी, त्यामुळे कडाड् असा जादा आवाज येत नाही. जे काडतूस मूल वापरणार त्यानेच झिरो करा, ब्रँड बदलला की गोळी दुसरीकडे पडते. २५ मीटर अंतर पुरे. आधी मोठ्या माणसाने पिशवीवरून पाच गोळ्या मारून मध्यावर आणायचं. पाव मिनिटाची साईट (एका क्लिकला कोनाचं पाव मिनिट सरकणारी, मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) असेल तर २५ मीटरवर एक क्लिक म्हणजे जेमतेम १.८ मिलिमीटर, त्यामुळे दोन सेंटीमीटर सरकवायला ११ क्लिक लागतात. मागची साईट जिकडे न्याल तिकडे गोळी जाते. मग मुलाला मारू द्या. त्याचा गाल, डोळा, पकड वेगळी, त्यामुळे त्याचा ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) थोडा बाजूला पडू शकतो, तेव्हा सगळे म्हणतात तूच चुकतोयस. पाच गोळ्या एका जागी पडत असतील तर मूल बरोबर आहे, साईट त्याच्या ग्रुपला आणा. टार्गेट मोठं, कागदाचं, सुरुवातीला १० ते १५ मीटरवर. लोखंडी टार्गेट इतक्या जवळ अजिबात नको, शिशाचे तुकडे उलटे येतात.

गोळी हवेत दीड किलोमीटरच्याही पलीकडे जाऊ शकते, म्हणून मागे मातीचा भक्कम बांध किंवा रीतसर रेंजच हवी. नळी कायम टार्गेटच्या दिशेला, बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, मोठं माणूस हाताच्या अंतरावर, आणि एका वेळी एकच मूल. काडतूस फुटलं नाही तर नळी तशीच टार्गेटकडे धरून ३० सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. कानाला मफ आणि डोळ्याला चष्मा दोघांनाही लावा, मुलांचे कान मोठ्यांपेक्षा जास्त जपावे लागतात. शूटिंग झालं की खाण्याआधी साबणाने हात धुवा, शिसं लहान मुलांना जास्त बाधतं. घरी रायफल आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपात. वयाची अट आणि परवान्याचे नियम जागोजागी वेगळे आहेत, ते रायफल मुलाच्या हातात देण्याआधी नीट बघून घ्या.

पहिल्या दिवशी वीस गोळ्या खूप झाल्या, मुलाला अजून हवं असतानाच थांबा. फिटिंगसाठी येताना मुलाला सोबत आणा, नुसती रायफल पाठवली तर आम्ही माप घेत नाही. जॅकेट, चष्मा असेल तर तो, आणि वापरायच्या काडतुसांचं फक्त रिकामं खोकं आणा, काडतुसं नकोत. रायफल बोल्ट काढून केसमध्ये आणा. साधारण सहा महिन्यांनी पुन्हा एकदा या, स्पेसर वाढवणं आणि साईट बघणं एका बैठकीत होतं.