वुल्फ, विल्क आणि वृकोदर

भगवद्गीतेच्या पहिल्याच अध्यायात भीम आपला पौण्ड्र शंख फुंकतो, तेव्हा त्याला 'भीमकर्मा वृकोदरः' म्हटलं आहे. वृक म्हणजे लांडगा. ज्याचं पोट लांडग्याचं, तो वृकोदर. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सामध्ये, कडकडून भूक लागलेला माणूस पोलिशमध्ये म्हणतो, 'ग्वोद्नी याक विल्क', म्हणजे लांडग्यासारखा भुकेला. इंग्रजीत तर लांडग्याचं क्रियापदच झालं आहे: अधाशासारखं ताट साफ करणं म्हणजे 'वुल्फ डाउन' करणं. ही उपमा नुसती कल्पना नव्हे. मोठा लांडगा एका बैठकीत 9 किलोपर्यंत मांस पोटात घालू शकतो आणि मग कित्येक दिवस शिकारीविना काढतो. लांडग्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसांनी हे पाहिलेलं होतं.

वृक, वुल्फ आणि विल्क हे तिन्ही शब्द मुळात एकच. संस्कृत, इंग्रजी, पोलिश या भाषा जिच्यातून निघाल्या त्या इंडो-युरोपीय मूळ भाषेत या शब्दात स्वरासारखा उच्चारला जाणारा 'ल' होता. आपण वर्णमालेत ज्याला 'ऌ' म्हणतो आणि 'कॢप्ती' सोडून कुठेच वापरत नाही, तोच हा ध्वनी. संस्कृतात अशा 'ऌ'चा बहुतेक ठिकाणी 'ऋ' झाला, म्हणून 'वृक'. इंग्रजी आणि पोलिश या दोघींनी मात्र 'ल' जपला. शाळेत निरुपयोगी वाटलेलं ते अक्षर असं लंडन आणि वॉर्सापर्यंत घेऊन जातं, याचा मला मनापासून आनंद होतो.

लांडग्याचं नाव टिकलं, अस्वलाचं टिकलं नाही. संस्कृतातला 'ऋक्ष', लॅटिनमधला 'उर्सुस' हे अस्वलाचे जुने शब्द. पण पोलिशमध्ये अस्वल म्हणजे 'न्येज्व्येच', मूळ अर्थ 'मध खाणारा', आणि इंग्रजी 'बेअर'चा मूळ अर्थ 'तपकिरी' असं बहुतेक अभ्यासक मानतात. भयंकर प्राण्याचं खरं नाव घेतलं तर तो येतो, या भीतीने नाव बदललं गेलं असावं. आपल्याकडे रात्री साप म्हणायचं नाही, 'जनावर' किंवा 'लांबडं' म्हणायचं, त्यातलाच हा प्रकार.

लांडग्याचं नाव बदललं नसलं, तरी भीती एका म्हणीत उरली आहे. ज्याच्याविषयी बोलणं चाललं आहे तोच दारात उभा राहिला, तर पोलिश माणूस म्हणतो, 'ओ विल्कू मोवा': लांडग्याबद्दल बोलणं चाललंय. पुढचा अर्धा भाग, 'आणि लांडगा इथेच', बोलायची गरजही पडत नाही. लॅटिनमध्ये टेरेन्स या रोमन नाटककाराच्या नाटकात 'लुपुस इन फाबुला' असाच प्रयोग आहे. इंग्रजीने त्या जागी सैतान बसवला. आपण अशा वेळी आलेल्या माणसाला शंभर वर्षं आयुष्य देऊन टाकतो. आता इंग्रजी कादंबरी पोलिशमध्ये आणणाऱ्याने काय करायचं? मूळ मजकुरात लांडगा नाहीच, तरी अनुवादात तो आणावा लागतो. तिथे सैतान तसाच ठेवला तर वाक्य परकं वाटेल.

याच्या उलटही घडतं. गुराख्याच्या पोराची 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट पोलंडमध्येही ठाऊक आहे, पण 'क्राय वुल्फ'साठी तिथला रुळलेला प्रयोग 'खोटा गजर करणे' असा बिनप्राण्याचा आहे. या बाबतीत मराठी इंग्रजीच्या जवळची ठरते. घरात चूल पेटण्यापुरतं कमावणं म्हणजे इंग्रजीत 'लांडग्याला दाराबाहेर ठेवणं'. पोलिशमध्ये 'टोकाला टोक बांधणं', आणि आपल्याकडे हातातोंडाची गाठ.

मला सर्वांत आवडते ती म्हण 'ई विल्क सिती, ई ओफ्त्सा त्सावा': लांडगाही तृप्त, मेंढीही शाबूत. शब्दकोशात तिच्यासमोर इंग्रजीतली केकची म्हण दिसते, केक खायचाही आणि शिल्लकही ठेवायचा. पण इंग्रजी माणूस ती म्हण बहुतेक वेळा 'असं कुठे होतं का?' म्हणून सुनावतो. पोलिश म्हण तडजोड जमल्यावर, दोन्ही बाजू खूश झाल्यावर समाधानाने म्हणता येते. आपली 'साप मरावा पण काठी मोडू नये' जवळची वाटते खरी, पण तिच्यात साप मरतोच. पोलिश म्हणीत कुणीच मरत नाही. शब्दकोशातल्या बरोबरीच्या चिन्हाखाली इतका फरक दडलेला असतो.

असं का होतं? वाक्प्रचाराचा अर्थ त्याच्या शब्दांच्या बेरजेतून निघत नाही. अख्खा तुकडाच डोक्यात एका शब्दासारखा साठवलेला असतो, असा एक विचार आहे. 1979 मध्ये डेव्हिड स्विनी आणि ॲन कटलर या भाषा-मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवलं की परिचित वाक्प्रचार लोक तशाच साध्या शब्दसमूहांपेक्षा लवकर ओळखतात. म्हणूनच शब्दाला शब्द लावला की अनुवाद फसतो.

व्याकरणही आपला वाटा उचलतं. पोलिशमध्ये सात विभक्ती आहेत. रागाने, डोळे वटारून पाहणं म्हणजे 'पात्शेच विल्क्येम'. शेवटचा शब्द म्हणजे तृतीयेतला लांडगा. 'सारखं' हा शब्द लागतच नाही, प्रत्ययातच तो आला. 'च्वोव्येक च्वोव्येकोवी विल्क्येम' यातही तेच: माणूस, माणसाला, लांडगा. पहिला शब्द प्रथमेत, दुसरा चतुर्थीत, तिसरा तृतीयेत आणि क्रियापद नाही. रोमन नाटककार प्लॉटसच्या लॅटिन वाक्यातून हे आलं. इंग्रजीला त्यासाठी क्रियापद आणि शब्दयोगी अव्यय जोडावं लागतं आणि वाक्याची धार थोडी बोथट होते. मराठी वाचकाला ही पोलिश रचना इंग्रजीपेक्षा सहज उमगेल.

काही प्रयोगांना इतिहासच लागतो. 'विल्ची बिलेत', लांडग्याचं तिकीट, म्हणजे काळ्या यादीत जाणं. रशियन झारच्या राज्यात हकालपट्टी झालेल्या विद्यार्थ्याला असा दाखला मिळे की दुसरी शाळा त्याला दार उघडत नसे. पोलंडचा मोठा भाग तेव्हा त्याच साम्राज्यात होता.

इंग्लंडमधला लांडगा साधारण 15व्या शतकाच्या अखेरीस संपला असं मानतात. तरी इंग्रजीत तो भरपूर आहे, म्हणजे प्राणी गेला की शब्द जातात असं नाही. शिवाय मेंढीच्या कातड्यातला लांडगा दोन्ही भाषांना बायबलमधून मिळाला. तो जंगलाचा पुरावा होऊ शकत नाही. पण पोलिश म्हणींत लांडग्यासोबत 'लास', म्हणजे जंगल, वारंवार येतं. 'लांडग्याला जंगलातून हाक मारू नकोस', म्हणजे संकट ओढवून घेऊ नकोस. 'स्वभाव लांडग्याला जंगलाकडे ओढतो'. इथे इंग्रजीत बिबट्याचे ठिपके येतात आणि मराठीत कुत्र्याचं शेपूट. पोलिशमध्ये नर लांडगा 'बाशोर', मादी 'वादेरा', कळप 'वाताहा'. ओळखीच्या प्राण्याला अशी वेगवेगळी नावं मिळतात.

ही ओळखही तुटता तुटता वाचली. 1955 पासून पोलंडमध्ये बक्षिसं लावून लांडगे मारले गेले आणि सत्तरच्या दशकात ते जेमतेम शंभरावर आले. 1998 मध्ये देशभर शिकारबंदी झाली. त्यानंतर पूर्वेकडच्या बियावोव्हिएझाच्या आणि बिएश्चादी डोंगरांच्या जंगलांपलीकडे, पश्चिमेकडच्या जंगलांतही लांडगे पुन्हा दिसू लागले. 2000 मध्ये पोलंडहून आलेल्या जोडीला सीमेपलीकडे जर्मनीच्या लुझात्सिया भागात पिल्लं झाली. शंभराहून अधिक वर्षांनी त्या देशात रानटी लांडग्याचा जन्म झाला. कुणी हाक मारली नव्हती, ते आपणहून जंगलातून बाहेर आले.