गांजाच्या रोपांवरील पर्णपीतता व ठिपके (बंदिस्त लागवड)

बंद खोलीत किंवा हरितगृहात दिव्यांच्या उजेडावर वाढवलेल्या गांजाच्या (कॅनाबिस सटायव्हा) रोपाची पाने अवेळी पिवळी पडणे, त्यांवर ठिपके उमटणे किंवा त्यांच्या कडा करपणे, आणि या खुणांवरून रोपाचे दुखणे ओळखण्याची पद्धत. पिवळेपणा हा रोग नव्हे, लक्षण आहे. पानातले हरितद्रव्य घटले, एवढेच तो सांगतो. ते घटण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच कारणांचा खताच्या कमतरतेशी संबंध नसतो. तरीही पान पिवळे दिसले की पहिला हात खताच्या बाटलीकडे जातो आणि आजारी मुळांवर क्षारांचा आणखी भार पडतो.

अशी लागवड मोजक्याच देशांत कायदेशीर आहे. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून एका घरात चार रोपे लावता येतात, क्वेबेक प्रांतात मात्र एकही नाही. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला घरी तीन रोपांची मुभा आहे. भारतात अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्याने परवान्याविना एक रोप लावणे हाही गुन्हा ठरतो.

निदानाची सुरुवात एका साध्या प्रश्नापासून होते: आधी कोणते पान पिवळे झाले, खालचे जुने की शेंड्याचे कोवळे? नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये झाडात फिरती असतात. तुटवडा पडला की झाड ती जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना देते, म्हणून झळ आधी खाली दिसते. लोह, कॅल्शियम, बोरॉन एकदा जिथे बसले तिथून सहसा हलत नाहीत. त्यांची उणीव शेंड्याला भोवते.

नत्र कमी पडले तर खालचे पान शिरांसकट सरसकट फिके होते, मग पिवळे होऊन हात लावताच गळते. मॅग्नेशियम हा हरितद्रव्याच्या रेणूचा मध्यबिंदू. तो कमी पडला की जुन्या पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि त्यांच्यामधला भाग पिवळा होतो. पालाशच्या कमतरतेत जुन्या पानांच्या दातेरी कडा आधी पिवळ्या, मग तपकिरी होतात. लोहाचे चित्र नेमके उलटे: शेंड्याची पाने पिवळी, कधी जवळजवळ पांढरी, आणि शिरा मात्र हिरव्या. भुईमुगावरचा किंवा उसावरचा केवडा (लोहाअभावी पाने पिवळी पडणे) ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही पिकाला मिळत नाही, तसेच कुंडीतही घडते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठातील संशोधकांनी एकेक अन्नद्रव्य वगळून गांजाची रोपे वाढवली आणि प्रत्येक कमतरतेची लक्षणे टप्प्याटप्प्याने नोंदवली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले हे काम आजही निदानाला उपयोगी पडते.

मात्र पानावर कमतरता दिसली म्हणजे कुंडीत ते अन्नद्रव्य नाही असे होत नाही. रोप ज्यात वाढते त्या माध्यमाचा सामू (आम्ल-अल्कतेचा अंक, पीएच) बिघडला की पोटभर वाढलेले ताटही मुळांना खाता येत नाही. मातीविरहित माध्यमात सामू साधारण ५.५ ते ६.५ च्या दरम्यान हवा. तो वर गेला की लोह आणि मँगनीज अडकतात, फार खाली आला की कॅल्शियम-मॅग्नेशियमचे शोषण मंदावते. पाण्याची जातही इथे बोलते. व्हँकूवरचे नळाचे पाणी फार मऊ, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम नावालाच; कॅलगरीचे पाणी जड. एकाच खताने एका शहरात पाने पिवळी पडतात आणि दुसऱ्या शहरात नाहीत, यामागे अनेकदा एवढेच कारण असते.

म्हणून खत घालण्याआधी मोजमाप करावे. कुंडीला नेहमीसारखे पाणी देऊन तासाभराने वरून थोडे ऊर्ध्वपातित पाणी ओततात आणि तळातून झिरपलेले पहिले पाणी बशीत धरतात. त्याचा सामू आणि विद्युतवाहकता तपासली की मुळांच्या तोंडाशी काय चालले आहे ते कळते. वाहकता दिलेल्या खतपाण्यापेक्षा बरीच जास्त आली तर क्षार साठले आहेत. पानांची टोकेही तेव्हा भाजल्यासारखी तपकिरी झालेली असतात. अशा रोपाला आणखी खत घालणे घातक. कुंडी सौम्य द्रावणाने धुऊन काढावी लागते.

त्याहून सोपी आणि दुर्लक्षित तपासणी म्हणजे मुळे पाहणे. कुंडी आडवी करून गोळा अलगद बाहेर काढावा. निरोगी मुळे पांढरी आणि टणक असतात. अतिपाण्याने गुदमरलेली मुळे तपकिरी होतात. त्यात पिथियम हा मूळकुज करणारा बुरशीसारखा सूक्ष्मजीव शिरला असेल तर मूळ चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि हातात बारीक दोरा उरतो. अशा रोपाची पाने नत्र कमी पडल्यासारखीच पिवळी दिसतात, फक्त ती ओल्या कुंडीतही मलूल लोंबत असतात.

ठिपक्यांचे निदान भिंगाशिवाय करू नये. पानाच्या वरच्या बाजूला सुई टोचल्यासारखे असंख्य फिके बिंदू असतील तर पान उलटे करावे. शिरेच्या कडेला अंगावर दोन काळे डाग असलेले फिकट कोळी आणि त्यांची गोल पारदर्शक अंडी दिसतात. हा टेट्रानिकस अर्टिसी. उष्ण आणि कोरड्या खोलीत त्याची पिढी आठ-दहा दिवसांत उभी राहते आणि जाळे डोळ्यांना दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. फुलकिड्यांनी खरवडलेले पान चंदेरी दिसते, त्यावर विष्ठेचे काळे टिंब असतात. कोवळ्या पानांवर वेडेवाकडे गंजाच्या रंगाचे ठिपके असतील आणि किडीचा मागमूस नसेल तर कॅल्शियमकडे पाहावे. ते बाष्पोत्सर्जनाच्या ओढीनेच वर चढते, त्यामुळे दमट, वारा नसलेल्या खोलीत ते मुळाशी असूनही शेंड्याला पोहोचत नाही. तिथे खतापेक्षा पंखा कामाला येतो. फक्त दिव्याच्या अगदी जवळची टोके पांढरी पडली असतील तर दोष उजेडाचा. दिवा वर घ्यावा.

सेप्टोरिया या बुरशीचे पिवळे-तपकिरी ठिपके पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतात, त्यामुळे ते मुख्यतः उघड्या शेतात आढळतात. बंद खोलीचा खरा बुरशीजन्य शत्रू म्हणजे भुरी. तिचे पिठासारखे डाग बोटाने पुसले जातात, कमतरतेचे डाग पुसले जात नाहीत. नाशिकच्या द्राक्षबागायतदारांना परिचित असलेले मायक्लोब्युटॅनिल हे बुरशीनाशक इथे मात्र निषिद्ध आहे. ते जाळल्यावर हायड्रोजन सायनाइड तयार होऊ शकते आणि गांजाचा माल ओढला जातो. त्याचे अंश सापडल्यामुळे कॅनडात काही परवानाधारक उत्पादकांचा माल परत मागवावा लागला होता.

या लक्षणांत न बसणारी एक व्याधी म्हणजे हॉप लॅटंट व्हायरॉइड. अवघ्या २५६ न्यूक्लिओटाइडांचा (आरएनएच्या साखळीतल्या कड्यांचा) हा आरएनएचा वर्तुळाकार तुकडा कॅलिफोर्नियातल्या खुरटलेल्या रोपांत आढळल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. कधी पाने फिकी आणि लहान, कधी नुसतीच वाढ मंद, तर कधी बाहेरून काहीच नाही. तो छाटणीच्या कात्रीतून आणि कलमांतून पसरतो. डोळ्यांनी निदान होत नाही, प्रयोगशाळेतील चाचणी लागते. बाधित मातृवृक्ष (ज्यापासून कलमे घेतात ते रोप) काढून टाकणे एवढाच सर्वसाधारण उपाय आहे.

फुलोरा पक्व होताना शेवटच्या आठवड्यांत खालची पाने पिवळी होणे स्वाभाविक असते. तेव्हा झाड जुन्या पानांतले नत्र फुलांकडे वळवत असते. एरवी, केलेला उपाय लागू पडला की नाही हे जुन्या पानावर शोधू नये. करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. उपायानंतर शेंड्याला फुटलेली पाने आठवडा-दीड आठवडा पाहावीत आणि तोवर दुसरा कोणताही बदल करू नये.