दाखा

दक्षिण आफ्रिकेत गांजाला असलेले रूढ नाव. रोमन लिपीत हा शब्द दोन ‘ग’ घालून लिहितात. नुसती वर्तनी वाचली तर मराठी माणसाला तबल्याजवळचा डग्गाच आठवेल. पण डचमधून घडलेल्या आफ्रिकान्स भाषेत हा ‘ग’ घशातून घासून काढतात, उर्दूतल्या ‘खबर’मधल्या ‘ख’सारखा.

शब्द मूळचा डच नव्हे. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या केप परिसरातल्या खोईखोई पशुपालकांच्या बोलीतून तो वसाहतकारांनी उचलला. यान फान रिबेक या डच अधिकाऱ्याच्या दैनंदिनीत 1658 साली तो ‘दाखा’ला जवळच्या रूपात आढळतो: खोईखोई लोक खातात आणि झिंगतात अशी वनस्पती. ती गांजाच होती असे मात्र छातीठोकपणे म्हणता येत नाही. केपमध्ये नारिंगी फुलांचे ‘लिओनोटिस’ नावाचे झुडूप रानोमाळ उगवते आणि त्याला आजही ‘विल्डे दाखा’, म्हणजे रानदाखा, म्हणतात. एकच नाव दोन्ही वनस्पतींना चालत असावे, हे अधिक संभवते. याच झुडपाची एक बहीण ‘क्लिप दाखा’ (क्लिप म्हणजे खडक). ती आपल्याकडे रस्त्याकडेला माजते, तिला आपण दीपमाळ म्हणतो.

गांजाचे झाड आफ्रिकेतले नाही. ते आशियातून हिंदी महासागरावरच्या व्यापारातून पूर्व किनाऱ्यावर उतरले. स्वाहिलीतील ‘बांगी’ आणि शोनातील ‘म्बांजे’ या नावांत आपली भांग स्पष्ट ऐकू येते. दक्षिणेकडे मात्र भांगेचा हा धागा तुटतो: झुलू लोक ‘इन्सांगू’ म्हणतात आणि केपमध्ये खोईखोई शब्द टिकला.

बंदीच्या इतिहासातही भारत येतो. पूर्व किनाऱ्यावरच्या नाताळ या ब्रिटिश वसाहतीत 1860 पासून उसाच्या मळ्यांवर हिंदी गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, आणले गेले आणि 1870 च्या कायद्याने त्यांना गांजा ओढण्यास व बाळगण्यास मनाई झाली. स्थानिक आफ्रिकी लोक तो पिढ्यान्‌पिढ्या ओढत होते, पण मळेवाल्यांना काळजी मजुरांच्या कामाची होती. देशव्यापी बंदी 1920 च्या दशकात आली. 18 सप्टेंबर 2018 रोजी घटना न्यायालयाने प्रौढांना खाजगी जागेत दाखा वापरण्याची व लावण्याची मोकळीक दिली. 2024 मध्ये तसा कायदाही मंजूर झाला. विक्रीला मात्र त्यात परवानगी नाही.

याच वर्तनीचा आणखी एक शब्द दक्षिण आफ्रिकी इंग्रजीत आहे: चिखल, गिलाव्याचा गारा. तो न्गुनी (झुलू, खोसा वगैरे) भाषांतून आला आहे. तिथले शिकारी चिखलात लोळणाऱ्या म्हाताऱ्या रानरेड्याला ‘डागा बॉय’ म्हणतात, त्याचा गांजाशी काही संबंध नाही.