लेथवरील आटे पाडण्याच्या व पार्टिंगच्या टूलची निवड

लेथवर फिरणाऱ्या जॉबवर (कातायच्या वस्तूवर) आटे पाडणे आणि तयार झालेला जॉब गजापासून कापून वेगळा करणे, म्हणजे पार्टिंग, या दोन कामांसाठी योग्य कोनाचे, रुंदीचे व धातूचे टूल ठरवण्याची पद्धत. साध्या कातकामात टूलचे टोक तेवढे धातूत शिरते. या दोन कामांत मात्र धार पूर्ण रुंदीने एकदम घुसते, म्हणून लेथच्या स्लाइडचा ढिलेपणा आणि टूलची चुकलेली उंची इथे लगेच उघडी पडते.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या लहान शेडमध्ये दोन तऱ्हेचे काम येते. एकीकडे फौंड्रीतून आलेल्या बिडाच्या कास्टिंगचे शंभर-दोनशे नग, दुसरीकडे उसाच्या चरकाचा, पंपाचा किंवा जुन्या ऑइल इंजिनाचा एकच मोडका बोल्ट. टूलची निवड या फरकावरून सुरू होते. टूलच्या किमतीचा विचार नंतर.

आट्याचा कोन आधी पाहावा लागतो. मेट्रिक आटा ६० अंशांचा, व्हिटवर्थ (जुना इंची आटा) आणि बीएसपी (पाइपचा आटा) ५५ अंशांचा, तर व्हाइस किंवा जॅकच्या स्क्रूवरचा ट्रॅपेझॉइडल आटा ३० अंशांचा असतो. घोटाळा होतो तो जुन्या सुट्या भागांत. पाऊण इंची व्हिटवर्थ बोल्टचा व्यास १९.०५ मिमी आणि इंचाला १० आटे, म्हणजे पिच (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) २.५४ मिमी. एम २० बोल्टची पिच २.५ मिमी. झिजलेला बोल्ट हातात आला की व्यासावरून दोन्ही सारखेच वाटतात आणि पिच गेजचे २.५ चे पान चार-पाच आट्यांवर जवळजवळ बसते. गेज उजेडासमोर धरून आट्याच्या उतारावर फट दिसते का, हे पाहिल्याशिवाय टूलला हात लावू नये. ६० च्या टूलने ५५ चा आटा पाडला तर नट चढेलही, पण आट्याच्या बाजू पूर्ण टेकत नाहीत आणि भाराखाली जोड सैल होतो.

इन्सर्टमध्ये, म्हणजे होल्डरवर बसवायच्या कार्बाइड या अतिकठीण पदार्थाच्या तयार धारेत, दोन प्रकार मिळतात. ‘१६ ईआर एजी ६०’ सारखा अर्धप्रोफाइल इन्सर्ट ०.५ ते ३ मिमी पिचपर्यंतचे ६० अंशांचे सगळे बाह्य आटे पाडतो. दुरुस्तीच्या कामाला तो सोयीचा, कारण एका डबीत काम भागते. पण त्याचे टोक सर्वांत लहान पिचला जुळेल इतके बारीक असते. त्यामुळे मोठ्या पिचला ते लवकर झडते, आणि आट्याचे डोके छाटण्याचे काम तो करत नाही; व्यास आधीच नेमका कातून ठेवावा लागतो. ‘१६ ईआर २.५ आयएसओ’ सारखा पूर्णप्रोफाइल इन्सर्ट एकाच पिचचा असतो. तो डोकेही छाटतो, बुडाची गोलाई बरोबर देतो. एकसारखे नग असतील तर तोच घ्यावा. आतल्या आट्यांसाठी ‘आयआर’ खुणेचे इन्सर्ट वेगळे असतात.

हाय स्पीड स्टीलचे (एचएसएस) घासून केलेले टूल अजून बाद झालेले नाही. जुन्या, पट्ट्यावर चालणाऱ्या लेथवर कार्बाइडला लागणारा वेग मिळत नाही. हाफ नट (टूलचा सरकता भाग लेथच्या लांब स्क्रूला जोडणारा नट) वेळेवर सोडायचा म्हणून आटे पाडताना वेग मिनिटाला ६०–१०० फेऱ्यांवरच ठेवतात. अशा वेळी सेंटर गेजवर (टूलचा कोन तपासण्याच्या पट्टीवर) जुळवून नीट घासलेले एचएसएस टूल जास्त स्वच्छ आटा देते. मोठ्या पिचला आट्याचा तिरपेपणाही सांभाळावा लागतो. ३० मिमी व्यास व ६ मिमी पिचच्या स्क्रूवर तो सुमारे ४ अंश येतो, आणि टूल ज्या दिशेने सरकते त्या दिशेची त्याची बाजू तेवढी जास्त घासली नाही तर टूल कापण्याऐवजी रगडत जाते. इन्सर्ट होल्डरमध्ये यासाठी इन्सर्टखालची शिम (आधाराची चकती) बदलतात. एम २० च्या बाहेरच्या आट्याची खोली सुमारे १.५३ मिमी असते. ती एका दमात घेत नाहीत. आठ-बारा पासमध्ये, प्रत्येक पासला कट कमी करत घेतात. कंपाउंड स्लाइड (तिरपी वळवता येणारी वरची स्लाइड) २९ ते २९.५ अंशांवर वळवून आत गेले तर टूलची एकच बाजू प्रामुख्याने कापते आणि जॉब थरथरत नाही.

पार्टिंगमध्ये खरी कसोटी ताठपणाची. टूल बाहेर काढायचे ते कापायच्या खोलीपेक्षा जेमतेम जास्त: ४० मिमी गजासाठी २२–२३ मिमी पुरे. लहान गजाला २ मिमी रुंदी, ४० मिमीच्या आसपास ३ मिमी. अरुंद पात्याने धातू वाचतो. १०० नगांत २ आणि ३ मिमीचा फरक १० सेंमी गजाचा होतो. पण पाते वाकून इन्सर्ट तुटला तर ती बचत तिथेच संपते.

टूलची उंची सेंटरलाच, म्हणजे जॉबच्या मध्यरेषेलाच हवी. टूलचे टोक आणि जॉब यांच्यामध्ये पातळ स्टील पट्टी हलकेच दाबून धरतात. पट्टीचे वरचे टोक कारागिराकडे झुकले तर टूल खाली आहे, जॉबकडे झुकले तर वर. खाली असेल तर मध्यभागी घुंडी उरते; वर असेल तर शेवटी टूल कापायचे थांबून घासू लागते.

टूल किंचाळू लागले की नवखा टर्नर फीड (टूल आत सरकवण्याची गती) कमी करतो आणि किंचाळणे वाढते. धार घासते म्हणून ते ओरडत असते; जॉब फिरण्याचा वेग उतरवून फीड ठाम द्यावे, कॅरेज (टूल वाहून नेणारा सरकता भाग) लॉक करावे आणि कट चकच्या (जॉब पकडणाऱ्या जबड्यांच्या) जितका जवळ घेता येईल तितका घ्यावा. एचएसएस पात्यासाठी वेग साध्या कातकामाच्या निम्मा, म्हणजे ४० मिमी माइल्ड स्टीलच्या गजाला मिनिटाला साधारण ११० फेऱ्या. टूल उलटे करून मागच्या बाजूने कापणारा मागील टूल पोस्ट ज्यांच्याकडे आहे, त्यांचा हा त्रास बराच कमी होतो. दोन सेंटरमध्ये (दोन्ही टोकांना टोकदार आधारांवर) धरलेला जॉब मात्र कधीही पार्टिंगने कापू नये. तुकडा टूलवर चढून अपघात होतो.

बिडाच्या बुशला हिशोब बदलतो. चिप तुटक पडते, कुलंट बहुधा लागत नाही, पण कास्टिंगच्या कवचातली वाळू एचएसएसची धार खाऊन टाकते. इथे ‘के’ ग्रेडचा, म्हणजे बिडासाठीचा, कार्बाइड इन्सर्ट उपयोगी. पोकळ जॉबमध्ये टूलला भिंतीएवढेच आत जायचे असल्याने ओव्हरहँग (टूलची बाहेर काढलेली लांबी) आपोआप कमी होतो. टेलस्टॉकमधून (चकसमोरच्या आधारातून) आत एक सळई घालून ठेवली की कापलेली रिंग तिच्यावरच अडकते, ट्रेमध्ये आपटून तिची कडा उडत नाही.

एचएसएसचे पार्टिंग पाते धार लावताना फक्त समोरून घासतात. त्याच्या दोन्ही बाजू खाली निमुळत्या केलेल्या असतात. त्या घासल्या की पाते अरुंद होते आणि खोल जाताच खाचेत अडकते.