फोममधला ‘प्रबलित’ शब्द आणि त्याच्या चाचण्या

ध्वनिशोषक फोमवरच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत, फोममध्ये तंतू किंवा पूड मिसळली की, ‘रीइन्फोर्स्ड’, मराठीत ‘प्रबलित’, हा शब्द आता सर्रास दिसतो. नागपूरच्या भोवती अशा मिश्रणाचा कच्चा माल मुबलक आहे: पऱ्हाटी, गिरण्यांतला टाकाऊ कापूस, भंडारा-गोंदियाकडचे धानाचे तूस. त्यामुळे विषयाचे आकर्षण समजण्यासारखे आहे. शब्दाबद्दल मात्र आक्षेप घ्यायलाच हवा.

हा फोम ज्या प्लास्टिकचा बनतो त्या पॉलियुरेथेनचे रसायन १९३७ मध्ये जर्मनीत सापडले. मऊ फोम १९५०च्या दशकात बाजारात आला तो गाद्या आणि आसनांसाठी. आवाज शोषण्याचे काम त्याच्याकडे पुढे आले. तंतू किंवा पूड मिसळायची कल्पना त्यानंतरची.

बांधकामात प्रबलन म्हणजे सळई, आणि ती ताण घेते. रबरात काजळी ही पूडच, पण तिने टायरची ताकद खरोखर वाढते, म्हणून तीही प्रबलनच. स्वस्ताईसाठी घातलेली खडूची पूड हे नुसते भरण. रबरवाले हा भेद नीट पाळतात. फोममध्ये तो पुसला गेला. इथे तंतू घालतात ते हवेची वाट अडवायला आणि वाकडी करायला, म्हणजे खालच्या वारंवारतेचा आवाजही थोडा शोषला जाईल. हे उद्दिष्ट चांगले आहे, पण ते ताकदीचे नाही. फोमचे कप्पे बहुधा एक मिलिमीटरहून लहान असतात. दोन-तीन मिलिमीटरचा तंतू त्यांच्या भिंती भेदून जातो आणि फोम कधी कधी आधीपेक्षा लवकर फाटतो. अशा नमुन्याला ‘प्रबलित’ म्हणणे वाचणाऱ्याची दिशाभूल आहे. दाब आणि ताणाच्या चाचण्यांचे आकडे सोबत असतील तरच तो शब्द वापरावा. नसतील तर ‘तंतुमिश्रित’ म्हणावे. ‘प्रबलित’ एवढेच वाचून कुणी तो फोम छताला लटकवला आणि वर्षभरात तो गळून पडला, तर दोष फोमचा नसेल.

चाचणीकडे येऊ. दोनशे घनमीटरच्या आसपासची रिव्हर्बरेशन रूम, म्हणजे आवाज घुमत राहील अशी खोली, आणि दहा-बारा चौरस मीटर नमुना हे मोठ्या प्रयोगशाळेचे काम. त्यामुळे महाविद्यालयांना सोयीची वाटते इम्पीडन्स ट्यूब, म्हणजे टोकाला छोटा नमुना बसवून आत आवाज सोडायची नळी. पूर्वी तिच्यात मायक्रोफोन सरकवत एकेका वारंवारतेला मोजणी करावी लागे. दोन मायक्रोफोन स्थिर ठेवून सगळी पट्टी एकदम मोजायची रीत १९८०च्या सुमारास पुढे आली, आणि १९९८ मध्ये तिचे आंतरराष्ट्रीय मानक झाले. शंभर मिलिमीटर व्यासाची नळी साधारण १६०० हर्ट्झपर्यंत मोजते, २९ मिलिमीटरची ६४०० पर्यंत.

नळीतली खरी अडचण नमुना कापण्याची. साधा फोम धारदार कड्याने सुबक कापला जातो. तंतू असले की ते ओढले जातात आणि कड विस्कटते. नमुन्याभोवती फट राहिली तर तिच्यामुळे आलेखावर वेगळीच शिखरे उमटतात. घट्ट बसवला तर फोमचा सांगाडाच कंप पावतो. त्यामुळे एका नमुन्यावर विसंबू नये, किमान तीन कापावेत.

आणि अपेक्षाही ठरवून घ्याव्यात. आपल्याकडे उन्हाळ्यातला आवाज म्हणजे कूलर. चार पात्यांचा पंखा मिनिटाला १४०० फेरे घेत असेल तर पात्यांचा मूळ स्वर सुमारे ९३ हर्ट्झचा. त्याच्या तरंगलांबीचा चतुर्थांश नव्वद सेंटिमीटरच्या घरात जातो, आणि असा स्वर नीट शोषायला जाडी साधारण त्या मापाची लागते. पाच सेंटिमीटरचा फोम, त्यात कितीही तूस घाला, त्या घुमण्याला फारसा पुरा पडणार नाही. वरच्या पट्टीतला खरखराट मात्र तो नक्की कमी करतो.

नागपूरचे हवामानही मोजणीत उतरते. पावसाळ्यात कापूस आणि तूस ओलावा धरतात. तो ओलावा फोम बनवायच्या आयसोसायनेट या रसायनाशी संयोग पावून जास्तीचा कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि कप्प्यांचे गणित बिघडवतो, म्हणून तंतू आधी ओव्हनमध्ये वाळवावे लागतात. ध्वनीचा वेग वीस अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांना सुमारे ३५८. वातानुकूलन नसलेल्या खोलीत मोजणी करताना सॉफ्टवेअरमध्ये ३४३ तसाच राहिला, तर आलेखातला शोषणाचा गुणांक आणि शिखराची जागा यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. मोजणीच्या वेळचे तापमान अहवालाच्या पहिल्याच पानावर असायला हवे.