मावशीचा टीव्ही आणि आतल्या खोलीतला पीसी

राजारामपुरीत मावशीकडे गेल्या दिवाळीत तिच्या लग्नाचं शूटिंग बघायचा बेत ठरला. 1993 सालची व्हीएचएस कॅसेट, कोल्हापूरच्या पावसाळ्यांनी बुरशी धरलेली. ती साफ करून डीव्हीडी केली होती. मी शहाणपणा करून तिची एमकेव्ही या प्रकारची व्हिडिओ फाइल बनवली आणि आतल्या खोलीतल्या पीसीवर ठेवली. हॉलमधल्या जुन्या टीव्हीवर पीसीचं नाव आलं, फोल्डर आलं, फाइलही दिसली. ओके दाबलं तर 'फॉरमॅट चालत नाही'. "पेनड्राइव्ह लाव की रं," मावशी म्हणाली. लावला. तेच उत्तर.

या दुखण्याचं मूळ पंचवीस वर्षं मागे आहे. 1999 मध्ये यूपीएनपी फोरम हा कंपन्यांचा गट निघाला. घरच्या नेटवर्कवर आलेल्या यंत्राने स्वतःच दवंडी पिटायची, 'मी आलोय, माझ्याकडे अमुक अमुक आहे', अशी ती कल्पना. त्यासाठी 239.255.255.250 हा पत्ता आणि 1900 हे पोर्ट ठरलं. ही दवंडी आजही घरोघरी चालू असते, आपल्याला ऐकू येत नाही इतकंच. 2002 मध्ये चित्र-संगीतासाठी वेगळे नियम आले आणि कामाची वाटणी झाली: फायली सांभाळणारा सर्व्हर, त्या वाजवणारा रेंडरर आणि हुकूम सोडणारा कंट्रोल पॉइंट. 2003 मध्ये सोनी, इंटेल वगैरे कंपन्या एकत्र आल्या. त्यांच्या संघटनेचं नाव पुढे डीएलएनए झालं आणि त्याचा शिक्का टीव्हीच्या खोक्यांवर झळकू लागला.

ओळखदेख झाली, पण भाषा जुळेना. डीएलएनएच्या नियमांत घरातल्या यंत्रांना सक्तीचे फॉरमॅट मोजकेच: फोटोला जेपेग, आवाजाला एलपीसीएम, चित्राला एमपेग-2. बाकीचे ऐच्छिक. लोकांच्या डिस्कवर मात्र डिव्हएक्स आणि एमकेव्हीचा सुळसुळाट. कागदावर सगळं सुसंगत, हॉलमध्ये अंधार. माझ्या मते डीएलएनए इथेच हरलं. 2017 मध्ये संघटना गुंडाळली गेली तेव्हा फारसं कुणाला कळलंही नाही.

उत्तर कंपन्यांच्या बैठकीतून आलं नाही, हौशी मंडळींकडून आलं. टीव्हीला भाषा येत नसेल तर सर्व्हरनेच दुभाषा व्हायचं: फाइल उलगडायची, टीव्हीला झेपेल अशा रूपात जागच्या जागी पुन्हा बांधायची आणि पाठवत राहायची. यालाच ट्रान्सकोडिंग म्हणतात. 2000 मध्ये फाब्रिस बेलार याने सुरू केलेलं एफएफएमपेग हे खुलं सॉफ्टवेअर त्याच्या मुळाशी आहे. आजचे बहुतेक सर्व्हर त्याच्याच खांद्यावर उभे आहेत. चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः घडवला त्या कोल्हापुरात जुन्या पीसीला हे काम शिकवलं म्हणून कुणी पाठ थोपटणार नाही, ते सोडा.

दुसरी वाट एक्सबॉक्सवरून आली. 2002 च्या सुमारास काहींनी त्या गेमिंगच्या डब्यावर मीडिया प्लेयर चढवला; त्याचं एक्सबीएमसी झालं आणि 2014 मध्ये कोडी. कोडी टीव्हीशेजारच्या डब्यातच फाइल उलगडतो. त्याच कोडवरून मॅकसाठी निघालेल्या फाट्याचं 2008 मध्ये प्लेक्स झालं. प्लेक्सने पुढे कष्टाचं काम आतल्या खोलीतल्या सर्व्हरवर टाकलं, पोस्टर आणि कलाकारांची नावं आपोआप लावली आणि साध्या माणसाला हे सगळं वापरता येऊ लागलं.

मग भांडण सुरू झालं ते मालकीचं. प्लेक्समध्ये सर्व्हर आपल्या घरात असला तरी खातं कंपनीकडे. एप्रिल 2025 पासून घराबाहेरून आपलीच फाइल बघायलाही पैसे पडू लागले. त्याआधी डिसेंबर 2018 मध्ये एम्बी या तशाच दुसऱ्या सर्व्हरने आपला कोड लोकांसाठी खुला ठेवणं बंद केलं, तेव्हा नाराज मंडळींनी शेवटचा खुला कोड घेऊन जेलीफिन थाटलं. ना खातं, ना वर्गणी.

मावशीकडे मी तेच चढवलं. 2024 च्या आवृत्तीपासून त्यातली डीएलएनएची सोय मुख्य सॉफ्टवेअरमधून काढून प्लगइनमध्ये, म्हणजे वेगळ्या जोडणीत ठेवलीय, त्यामुळे तिच्या म्हाताऱ्या टीव्हीसाठी ती वेगळी टाकावी लागली. सुरू करताच आतल्या खोलीत पीसीचा पंखा घरघरू लागला. पडद्यावर पंगत बसली होती आणि आजोबा बादली घेऊन वाढत होते.

"थांबव, थांबव," मावशी म्हणाली. "अण्णा बघू दे."