स्विचमधले दुरुस्त झालेले बग रॅकमध्ये का उरतात

शिरोलीच्या फाउंड्रीत किंवा गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपमध्ये नेटवर्कचा स्विच (संगणक आणि यंत्रं केबलने एकमेकांशी जोडणारी पेटी) एकदा रॅकला चढला, की काही बंद पडेपर्यंत त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हा अलिखित नियम. तो निव्वळ आळसातून आलेला नाही.

१५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेत एटी अँड टीचं लांब पल्ल्याचं टेलिफोन जाळं सुमारे नऊ तास कोलमडलं. एक एक्स्चेंज बिघडून सावरलं, ‘मी परत आलो’ असा निरोप त्याने शेजाऱ्यांना धाडला, आणि लागोपाठ आलेले निरोप हाताळताना शेजारची एक्स्चेंज रीसेट होऊ लागली. अशी ११४ एक्स्चेंज या फेऱ्यात सापडली. मूळ दोष, म्हणजे बग, सी या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या, चुकीच्या जागी पडलेल्या एका ‘ब्रेक’ आज्ञेचा, आणि तो आला होता महिनाभर आधी चढवलेल्या अपडेटमधून. अपडेटची धास्ती अशी जुनी आहे.

त्याच वर्षी ‘कल्पना’ या कंपनीचा सात पोर्टांचा इथरनेट स्विच बाजारात आला. १९९४ मध्ये नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोने ती कंपनी घेतली. सिस्कोच्या जुन्या आयओएसमध्ये (स्विच चालवणारं सॉफ्टवेअर, आयफोनचं नव्हे) सगळ्या प्रोसेस, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं, एकाच मेमरीत नांदत, मध्ये भिंत नाही. एका प्रोसेसने घेतलेली मेमरी परत केली नाही, की हळूहळू सगळ्यांचीच उपासमार. लॉगमध्ये ‘मॅलॉकफेल’ (मेमरी मिळाली नाही) दिसू लागतं आणि मग चमत्कारिक अवस्था येते: दिवे लुकलुकतात, डेटा वाहतो, कारण ते काम वेगळी चिप करते, पण एसएसएचने, म्हणजे दुरून, स्विचमध्ये लॉगिन होत नाही. प्लग काढून लावला की सारं ठीक. म्हणून बग कुणाच्या लक्षातच येत नाही.

भारनियमनाच्या काळात तर हा प्लग महावितरणच काढून लावत असे. यूपीएस सुधारले, स्विच वर्षानुवर्षं अखंड चालू लागले, तेव्हा वेळेच्या हिशोबाचे बग उघडे पडले. स्विच किती वेळ चालू आहे हे एसएनएमपीमध्ये (उपकरणांवर देखरेख ठेवण्याची पद्धत) सेकंदाच्या शंभराव्या भागात, ३२ बिटांत मोजलं जातं. ४९७ दिवस, २ तास, २७ मिनिटं झाली की आकडा भरतो आणि शून्यावर येतो. देखरेखीच्या सॉफ्टवेअरला वाटतं, स्विच रीबूट झाला. ही झाली निरुपद्रवी तऱ्हा. असाच काउंटर एखाद्या टायमरच्या तुलनेत वापरला असेल, तर ती प्रोसेसच अडकते. साखर कारखान्यात दर वर्षी गळीत हंगामाआधी सगळे स्विच मुद्दाम रीलोड (बंद करून पुन्हा चालू) केले, तर ही मर्यादा गाठलीच जात नाही.

सगळ्यात बोलका इतिहास सिस्कोच्या ‘स्मार्ट इन्स्टॉल’ या सोयीचा. नवा स्विच आपोआप कॉन्फिगर व्हावा म्हणून दिलेली ही सोय कित्येक मॉडेलवर मुळातच चालू असायची आणि टीसीपी ४७८६ या पोर्टवर (नेटवर्कवरचा क्रमांकित दरवाजा, केबलचा पोर्ट नव्हे) कुणाचंही ऐकायची, पासवर्ड न विचारता. मार्च २०१८ मध्ये तिच्यातला सीव्हीई-२०१८-०१७१ (सुरक्षा-दोषांच्या जाहीर यादीतला क्रमांक) हा दोष जाहीर झाला, दुरुस्त सॉफ्टवेअरही आलं. तरी ऑगस्ट २०२५ मध्ये एफबीआयला इशारा द्यावा लागला, की याच छिद्रातून अजून घुसखोरी चालू आहे. सोय चालू आहे का ते तपासायला ‘शो व्हीस्टॅक कॉन्फिग’ ही आज्ञा, बंद करायला ‘नो व्हीस्टॅक’. गोम अशी, की काही आवृत्त्यांत रीलोडनंतर ‘नो व्हीस्टॅक’ ही आज्ञा टिकतच नसे. तो आणखी वेगळा बग. रीलोड करून पुन्हा पाहावं, आणि आज्ञा टिकत नसेल तर एसीएल (कुणाला आत सोडायचं याची यादी) लावून ४७८६ अडवावा.

१ जानेवारी २०२० चा बग साधा होता. आयओएसने स्वतः तयार केलेल्या सर्टिफिकेटची (उपकरणाची ओळख पटवणारा डिजिटल दाखला) मुदत तेव्हा संपली. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते. आयओएस एक्सई या नव्या पिढीच्या सॉफ्टवेअरमध्ये १६.९.१ या आवृत्तीपासून दुरुस्ती आहे, पण नुसतं अपग्रेड पुरत नाही, सर्टिफिकेट नव्याने बनवावं लागतं.

आणि सगळेच दोष कोडमध्ये नसतात. सिस्कोच्या कॅटलिस्ट ३६५० आणि ३८५० या स्विचच्या ४८ पोर्टांच्या मॉडेलवर मोड बटण पहिल्या पोर्टच्या बरोबर वर. पॅच कॉर्डचं रबरी टोपण जरा उंच असलं की ते बटण दाबून धरतं आणि स्विच रीसेट होतो. कंपनीने त्यावर रीतसर सूचना काढली. ‘नो सेटअप एक्सप्रेस’ ही आज्ञा द्या, नाहीतर टोपण कापा.

रिलीज नोट्स (नव्या आवृत्तीसोबतचं टिपण) वाचताना बगच्या तीव्रतेचा आकडा पाहावा: १ सगळ्यात घातक, ६ म्हणजे बग नव्हे, सुधारणेची मागणी. पण त्याहून महत्त्वाचं, दुरुस्ती कोणत्या आवृत्तीत आली ते. बगपुढे ‘फिक्स्ड’ असं असलं तरी तुमच्या स्विचवरच्या, समजा १५.२ च्या, शाखेत ती दुरुस्ती असेलच असं नाही.

नवी आवृत्ती चढवताना इमेज (सॉफ्टवेअरची फाइल) स्विचच्या फ्लॅश मेमरीवर घ्या, ‘व्हेरिफाय’ने एमडी५ (फाइल जशीच्या तशी आली का हे दाखवणारा आकडा) जुळवा, ‘शो बूट’मध्ये इमेजचं नाव बरोबर आहे का पाहा, मगच रीलोड. स्विचला थेट जोडायची कन्सोल केबल ९६०० बॉड या वेगावर जोडून ठेवा. कॅटलिस्ट २९६०-एक्सवर रीलोडनंतर मायक्रोकोड (चिपच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेटचा संदेश आला, तर काही मिनिटं पोर्ट जागे होत नाहीत. त्या वेळी घाबरून वीज तोडली की स्विच कायमचा जाऊ शकतो. त्यामुळे यूपीएसची बॅटरी आधी तपासा, मग इमेजचं बघा.